मालक आणि भाडेकरू: तीन वर्षांची अट नक्की कोणाला?

निळी शाई

गेली बारा वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं करते. करारनामे, नियमावल्या, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं. मागच्या आठवड्यात आमच्याच सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या एका ओळीपाशी अडले:

"ओनर्स अँड टेनंट्स हू हॅव लिव्हड हिअर फॉर थ्री इयर्स मे बुक द हॉल फ्री ऑफ कॉस्ट."

सचिवांनी मराठी करून मागितलं. "मालक आणि" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तीन वर्षांची अट फक्त भाडेकरूंना, की मालकांनाही?

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने आठ महिन्यांपूर्वी फ्लॅट विकत घेतला. मुलीच्या बारशाला हॉल मागितला तर कमिटीने भाडं भरायला सांगितलं, कारण तीन वर्षं झाली नाहीत. त्यांचं म्हणणं, आम्ही मालक आहोत, अट भाडेकरूंची आहे. दोन्ही बाजू त्याच ओळीवर बोट ठेवून भांडत होत्या आणि दोघांचाही अर्थ त्या ओळीत चपखल बसत होता.

मराठीत मला दोन वेगळी वाक्यं लिहावी लागतात. "मालकांना, तसेच तीन वर्षांपासून इथे राहणाऱ्या भाडेकरूंना हॉल मोफत मिळेल" हे एक. "जे मालक आणि भाडेकरू तीन वर्षांपासून इथे राहत आहेत, त्यांना हॉल मोफत मिळेल" हे दुसरं. मूळ ओळीत मात्र दोन्ही एकावर एक बसलेली आहेत.

माझं मत सरळ सांगते. दोन अनेकवचनी नामं "अँड"ने जोडली आणि मागे "हू", "विच" किंवा "दॅट"चं वाक्य लावलं, की ते एकाचं की दोघांचं हे इंग्रजी सांगत नाही. ज्या ओळीवर कोणाचा हक्क किंवा पैसा अवलंबून आहे, तिथे अशी रचना चूकच धरावी. तुमचं मत काय?

खडूफळा

ताई, पटलं नाही. सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतो आहे. विशेषणवाक्य आपल्या लगतच्या नामाला चिकटतं, हे आम्ही नववीपासून शिकवतो. "हू"च्या अगदी अलीकडे "टेनंट्स" आहे, म्हणजे अट भाडेकरूंची. मालकांनाही लावायची असती तर तसं लिहिलं असतं. प्रत्येक वाचकाने आपल्याला सोयीचा अर्थ काढायचा, तर व्याकरण कशाला शिकवायचं?

बारशाला पैसे मागणं चुकीचंच होतं. पण ती चूक कमिटीच्या वाचनाची, वाक्याची नाही.

वाक्यशोध

सर, लगतच्या नामाचा नियम मुलांना लटकती वाक्यं लिहू नका म्हणून सांगायला ठीक आहे. जोडनामांपुढे तो टिकत नाही. "बॉईज अँड गर्ल्स हू पास द टेस्ट विल गेट अ सर्टिफिकेट" हे वाक्य वर्गात वाचून दाखवा. मुलगे नापास झाले तरी त्यांना प्रमाणपत्र मिळणार, असा अर्थ एकही मूल घेणार नाही. "बॉईज अँड गर्ल्स" हा आधी एक गठ्ठा होतो आणि "हू" त्या गठ्ठ्याला लागतो.

अनेकवचनातच ही अडचण का येते, तेही पाहण्यासारखं आहे. एकवचन घ्या: "द ओनर अँड द टेनंट हू हॅज लिव्हड हिअर". "हॅज" म्हटल्याबरोबर कळतं की एकच माणूस, म्हणजे भाडेकरू. "हू हॅव" म्हटलं की दोघं. क्रियापद चुगली करतं. "ओनर्स अँड टेनंट्स" झालं की एकट्या भाडेकरूंनाही "हॅव" आणि दोघांना मिळूनही "हॅव". नेमकी तीच खूण पुसली जाते. "हू" स्वतः वचनाप्रमाणे बदलत नाही, लिंगाप्रमाणेही नाही, त्यामुळे तिथूनही मदत नाही. आपल्याकडे "जो, जी, जे, ज्या" निदान काहीतरी सांगतात.

दोन नामांची जात वेगळी असेल तर मात्र इंग्रजीतही सुटका होते. "बुलक्स अँड फार्मर्स हू केम फ्रॉम सातारा" म्हटलं तर "हू" माणसांसाठी म्हणून तो शेतकऱ्यांकडेच जातो. तिथे "दॅट" घातलं की बैलही परत आत आले.

आणि "लगतचं नाम" हा कायदाच असता, तर पर्लमटर आणि रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये दाखवलेली वाक्यं इंग्रजीत चाललीच नसती. एक पुरुष आत आला आणि एक बाई बाहेर गेली, "हू वेअर क्वाइट सिमिलर". दोन नामं दोन वेगळ्या वाक्यांत आणि "हू" दोघांचा मिळून! एकटा माणूस "सिमिलर" असूच शकत नाही.

कोर्टकचेरी

वकिली करतो म्हणून लिहितो. खडूफळा सर म्हणतात तो नियम अमेरिकेच्या न्यायालयांत खरोखर वापरला जातो. तिथे त्याला "लास्ट अँटिसिडंट"चा नियम म्हणतात: मागून आलेली अट फक्त शेवटच्या नामाला.

2003 चा बार्नहार्ट विरुद्ध थॉमस हा खटला बघा, यात खरोखरच "विच"चं वाक्य होतं. अपंगत्वाचा भत्ता कोणाला, तर ज्या व्यक्तीला आपलं पूर्वीचं काम करता येत नाही आणि दुसरं कोणतंही काम, "विच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी", तेही करता येत नाही. अर्जदार बाई लिफ्ट चालवायच्या. ते काम अजून जमेल असं अधिकाऱ्यांचं म्हणणं, तर बाईंचं म्हणणं, अशी कामं आता देशात फारशी उरलीच नाहीत. मग "अस्तित्वात असलेलं" ही अट पूर्वीच्या कामालाही लागते का? सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांनी दाखला दिला तो असा: आईवडील मुलाला घरी एकटं ठेवून जाताना बजावतात की पार्टी केलीस, किंवा घराचं नुकसान होईल असं दुसरं काही केलंस, तर शिक्षा होईल. पार्टी केल्यावर मुलगा "पण घराचं कुठे काय बिघडलं?" असं म्हणून सुटू शकत नाही.

म्हणून मला वाटतं, नियम आहे आणि तो असणं बरं. निदान सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

निळी शाई

कोर्टकचेरी, तुमचा खटला वाचून मी खूप वेळ विचार केला. त्या दाखल्यात "एनी अदर" आहे हो! "पार्टी किंवा दुसरं काही" म्हटल्यावर दुसरा भाग आपोआप वेगळा पडतो. आमच्या नोटिशीत असा दुभागणारा शब्दच नाही. "ओनर्स" आणि "टेनंट्स" अगदी एका मापाचे, शेजारी शेजारी. वाक्यशोध यांचे "बॉईज अँड गर्ल्स" तसेच.

आणि न्यायाधीश तरी दर वेळी एकमत होतात का?

कोर्टकचेरी

नाही होत, हे मान्य करायला हवं. 2016 च्या लॉकहार्ट खटल्यात तीन गुन्ह्यांची यादी होती आणि शेवटी "अल्पवयीन व्यक्तीशी संबंधित" अशा अर्थाचे शब्द. आरोपीचा आधीचा गुन्हा प्रौढ स्त्रीबाबतचा होता. ते शब्द तिन्ही गुन्ह्यांना लागले तर तो वाढीव किमान शिक्षेतून सुटतो, शेवटच्यालाच लागले तर किमान 10 वर्षं. निकाल 6 विरुद्ध 2. न्यायमूर्ती सोटोमायोर यांच्या बाजूने बहुमत गेलं: शेवटच्यालाच. न्यायमूर्ती केगन यांचा विरोध वाचनीय आहे. मैत्रीण म्हणाली, मला अमुक चित्रपटाशी संबंधित नट, दिग्दर्शक किंवा निर्माता भेटावा, तर कुठलाही नट तिला चालेल असं तुम्ही समजाल का?

2021 मध्ये फेसबुक विरुद्ध दुगिड खटल्यात त्याच सोटोमायोर यांनी मागून आलेले शब्द आधीच्या दोन्ही क्रियापदांना लावले. निकाल मान्य करूनही न्यायमूर्ती अलिटो यांनी वेगळं लिहिलं, की असे नियम यंत्रासारखे वापरू नका. त्यांचं एक उदाहरण गेंडे आणि जिराफांच्या शिकारबंदीचं आहे, शेवटी "ज्यांच्या माना लांब आहेत" असे शब्द. ती लांब मान कोणी गेंड्याला लावत नाही, कारण गेंडा कसा असतो हे आपल्याला माहीत असतं.

पण ताई, माझा मुद्दा सोडत नाही. वाद झाल्यावर कुठलं तरी टेकू लागतंच.

अंगणातली जाई

मला यातलं फार कळत नाही. पण सगळी सोसायटी मराठी बोलते, तर नोटीस आधी इंग्रजीत का लिहितात? आमच्याकडेही असंच चालतं. मला ती वाचायला मुलाची वाट बघावी लागते.

खडूफळा

जाईताई, नोटीस मराठीत हवीच. पण मराठीत वाद होणार नाही असं कोणी समजू नये. "तीन वर्षांपासून राहणारे मालक आणि भाडेकरू" असं लिहून बघा. आता "राहणारे" नक्की कोण? फक्त मालक की दोघं? आपल्याकडे विशेषण नामाच्या आधी येतं म्हणून गोंधळ दुसऱ्या टोकाला होतो, एवढाच फरक.

निळी शाई

सर, हे अगदी बरोबर आहे. शाळेची यादी आठवा: "नवी पुस्तकं आणि वह्या". वह्या जुन्या चालतील का? "नवी पुस्तकं आणि नव्या वह्या" लिहिलं की प्रश्न मिटतो. मराठीकडे "जे… त्यांना" ही जोडी आहे म्हणून मी तिचा आधार घेते. "जे" उघडतो, "त्यांना" बंद करतो, मधे कोण कोण आहे ते दिसतं. इंग्रजीत बंद करणारा शब्द नाही, म्हणून तिथे नाम पुन्हा लिहावं किंवा क्रम फिरवावा: "टेनंट्स हू हॅव लिव्हड हिअर फॉर थ्री इयर्स, अँड ऑल ओनर्स". क्रम उलटा केला की वाद संपतो. एकही शब्द अवघड नाही.

वाक्यशोध

"द ओनर्स अँड द टेनंट्स हू" असं दुसऱ्यांदा "द" घातलं तर वाचन थोडं भाडेकरूंकडे झुकतं, पण भरवसा ठेवू नका. "टेनंट्स"च्या पुढे स्वल्पविराम तर मुळीच नको. मग ते "हे सगळेजण तीन वर्षं राहिलेलेच आहेत" असं वर्णन होऊन बसतं आणि अटच नाहीशी होते.

खडूफळा

क्रम फिरवण्याचं पटलं. उद्या वर्गात "बॉईज अँड गर्ल्स" आणि "ओनर्स अँड टेनंट्स" ही दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहून मुलांनाच विचारतो. पण नियम पुसणार नाही. मुलांनी लिहिताना "हू" नामाच्या शेजारीच ठेवावा, वाचताना मात्र मागचं नामही तपासावं, एवढा बदल करीन.

निळी शाई

रविवारी बैठक झाली. ठराव लिहिलेल्या काकांनीच सांगितलं, मालकांना अट नव्हतीच, त्यांच्या मनात भाडेकरूच होते. भरलेलं भाडं त्या कुटुंबाला परत देतो म्हणाले. मी दोन ओळी लिहून दिल्या, आज बोर्डावर लागल्या:

सर्व मालकांना हॉल मोफत मिळेल.
जे भाडेकरू या इमारतीत किमान तीन वर्षे राहत आहेत, त्यांनाही हॉल मोफत मिळेल.

अंगणातली जाई

या मी एकटीने वाचल्या.