शशिकलाताई काकोडकर: कूळ-मुंडकार कायद्यांत त्यांचा वाटा नेमका किती?

प्रश्न
गोव्याच्या माजी मुख्यमंत्री शशिकलाताईंवर लेख लिहितेय. कूळ कायदा भाऊसाहेबांचा की ताईंचा? दोन्ही दावे वाचनात येतात. शिवाय कूळ आणि मुंडकार एकच समजले जातात, ते बरोबर आहे का?

उत्तर १
दोन्ही दाव्यांत तथ्य आहे. मूळ कूळ कायदा १९६४चा, म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळातला. त्याने कुळाला (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला) संरक्षण दिलं, खंडावर मर्यादा घातली, पण जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच राहिली. भाऊसाहेब ऑगस्ट १९७३ मध्ये गेले आणि ताई मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या सरकारने १९७६ साली पाचवी दुरुस्ती केली आणि कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मालकीचा मुद्दा तिथे आला, म्हणून लेखात पाचव्या दुरुस्तीला स्वतंत्र परिच्छेद द्याच. भाटकार कोर्टात गेले, प्रकरण बरंच लांबलं. पुढे १९८४ मध्ये ४७व्या घटनादुरुस्तीने गोव्याचे जमीन कायदे घटनेच्या नवव्या परिशिष्टात आले, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून त्यांना संरक्षण मिळालं.

उत्तर २
कूळ शेत कसतं; मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर करून राहतो. मुंडकारांसाठीचा कायदा १९७५चा, तोही ताईंच्याच कारकिर्दीतला. घराबाहेर काढण्यापासून संरक्षण आणि घर जमिनीसह विकत घेण्याचा हक्क, हा त्याचा गाभा. क्षेत्राचं ढोबळ माप पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर, पालिका हद्दीत २००. भाडं भरून राहणारा मुंडकार ठरत नाही, आणि बरेच दावे इथेच अडतात.

दुसरी अडचण कागदांची. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) कूळ म्हणून नाव लागलं की काम झालं, असं लोक धरून चालतात. ती नोंद म्हणजे फक्त पुरावा. मामलेदाराकडून किंमत ठरवून घेऊन, ती भरून खरेदीचा दाखला काढावा लागतो. ते राहिलं की पुढच्या पिढीत वारस वाढतात, भाटकाराचेही आणि कुळाचेही, आणि नोटिसा बजावण्यातच वर्षं जातात. हा दोष अंमलबजावणीचा आहे, कायद्याला नावं ठेवू नका.

उत्तर ३
‘गोवा राज्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री’ असं लिहू नका. तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. राज्य झालं ३० मे १९८७ रोजी. देशात त्यांच्याआधी सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी एवढ्याच.

१९७७ मध्ये ताईंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) ३० पैकी १५ जागा मिळाल्या, म्हणजे काठावरचं सरकार. एप्रिल १९७९ मध्ये पक्षातलेच आमदार फुटले, सरकार पडलं आणि राष्ट्रपती राजवट आली. बहुतेक लेख इथेच थांबतात, हे मला फार खटकतं. १९९०च्या सुमारास त्या शिक्षणमंत्री होत्या. प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मातृभाषेच्या माध्यमाशी जोडण्याचं धोरण त्यांचंच. २०११ नंतर इंग्रजी शाळांच्या अनुदानाविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचातून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा वयाची पंचाहत्तरी उलटली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या गेल्या.