संघ, संघराज्य, केंद्र, समवर्ती

मुलीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात भारत ‘संघराज्य’ आहे. संविधानाचं पहिलं कलम म्हणतं ‘राज्यांचा संघ’. दोन्ही एकच का? आणि रोज आपण म्हणतो ते ‘केंद्र’ यात कुठे बसतं?

— एकच नाही. ‘राज्यांचा संघ’ ऐकलं की राज्यांनी जमून संघ केला असं वाटतं. अमेरिकेत तसं घडलं, १३ राज्यं आधी होती. म्हणून तिथे विधिमंडळाच्या संमतीशिवाय राज्याचा तुकडा तोडता येत नाही. आपल्याकडे कलम ३ नुसार संसद राज्याची सीमा, अगदी नावही बदलू शकते. विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं. १ मे १९६० चा महाराष्ट्र लोकांनी लढून मिळवला, तरी त्यासाठी कायदा संसदेलाच करावा लागला. आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणाला फुटून निघता येणार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना सांगितलं. इंग्रजी मसुद्यात ‘फेडरेशन’ (म्हणजे पुस्तकातलं ‘संघराज्य’) ऐवजी ‘युनियन’ घेतलं ते यासाठी. मराठीत दोन्हींना ‘संघ’च चिकटतो आणि हा फरक बुजतो.

— ‘केंद्र’बद्दल. संविधानाच्या मराठीत संघ सूची (फक्त संसदेने कायदा करायच्या विषयांची यादी) आहे, संघ राज्यक्षेत्र आहे. आपण मात्र ‘केंद्रशासित प्रदेश’ म्हणतो. ३० मे १९८७ पर्यंत गोव्याला तेच म्हणायचो. केंद्र म्हटलं की राज्यं आपोआप परिघावर जातात. तमिळनाडू सरकारने २०२१ पासून ‘संघ सरकार’ या अर्थाचा तमिळ शब्द आग्रहाने वापरायला घेतला, तो याच कारणाने. मला तो आग्रह पटतो. बातमीत नाही, तर निदान पाठ्यपुस्तकात तरी ‘संघ शासन’ हवं.

— ताई, मग ‘समवर्ती सूची’चं काय? मी ‘सम’ म्हणजे दोघांना सारखा अधिकार असं समजत होते.

— तसा अर्थ लागणं साहजिक आहे. अमरकोशात समवर्ती हे यमाचं नाव आहे, सर्वांशी सारखा वागणारा. सूचीतला अर्थ वेगळा: त्या विषयांवर दोघंही कायदा करू शकतात. पण दोन कायदे एकमेकांच्या आड आले, तर कलम २५४ नुसार सामान्यतः संसदेचा टिकतो. शिक्षण आणि वनं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राज्य सूचीतून, म्हणजे सामान्यतः फक्त राज्यांनी कायदा करायच्या विषयांतून, इथे आली, तेव्हा राज्यांनी काय गमावलं ते ‘समवर्ती’ या शब्दावरून कळत नाही. ‘सामाईक सूची’ म्हटलं तर? सामाईक विहिरीवर हक्क दोघांचा असतो, आणि पाळीवरून वादही होतात, हे गावात कुणाला समजावावं लागत नाही.