फोटो 'साफ' करणे, 'उजळ' करणे आणि 'संपादन'

आजीच्या वर्षश्राद्धासाठी तिचा जुना फोटो मोठा करायला दिला होता. पावतीवर स्टुडिओवाल्यांनी लिहिलं, 'साफ करणे, उजळ करणे'. फ्रेम घरी आली, आत्याने जवळ नेऊन पाहिली आणि एवढंच म्हणाली, "हाई कोन शे?"

कपाळावरचं गोंदण आणि हनुवटीवरचे ठिपके गायब होते. कंप्युटरवरच्या मुलाला ते डाग वाटले असणार. आजी सावळी, जन्मभर केळीच्या बागेत राबून उन्हाने रापलेली. फ्रेममधली बाई गोरीपान.

मुलावर मी रागावले नाही, पावतीवर होतं तेच त्याने केलं. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. जुन्या प्रिंटवरची बुरशी, घडीची रेघ काढणं म्हणजेही 'साफ करणे' आणि चेहऱ्यावरची खूण पुसणं म्हणजेही तेच. 'उजळ' तर आणखी फसवा. पितळी तांब्या चिंचेने उजळला की पितळेचाच रंग वर येतो. मुलगी उजळ आहे म्हणतात तेव्हा मात्र ती गोरी असते. कमी उजेडातल्या फोटोत प्रकाश वाढवणं पहिल्या अर्थाचं. आजीचं झालं ते दुसऱ्या अर्थाचं.

'संपादन' म्हणा, असं कुणी सुचवेल. वर्तमानपत्रांमुळे 'एडिटिंग' हा अर्थ रुळलाय हे मान्य. पण विश्वास संपादन, भूसंपादन यांत मिळवण्याचा भाव आहे, आणि इथे तर आमची आजी हरवली. कुठला शब्द वापरावा?

भुसावळहून :
ताई, आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता. तेव्हाचा शब्द 'टचिंग'. निगेटिव्ह मागून उजेड येणाऱ्या डेस्कवर ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने सुरकुतीत बारीक बारीक ठिपके भरायचे. चेहऱ्यावरची काळी रेघ निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. ती भरली की प्रिंटवर सुरकुती फिकी पडते. जास्त भरलं तर गाल पुठ्ठ्यासारखा सपाट होई, म्हणून हात जपून चाले. 'टच' या शब्दातच मर्यादा होती. आता स्लायडर ओढला की अख्खा चेहरा गुळगुळीत.

धुळ्याहून :
बदल नेहमी वाईटच असं कसं म्हणता? आपल्या चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचे, बघणाऱ्याला खरंच वाटावं असं. मूस गेले १९८९ च्या अखेरीला, फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये. त्यांच्या कामाला कुणी खोटं म्हटलं नाही, कारण नावच 'टेबलटॉप', म्हणजे रचलेलं. आज 'फोटोशॉप केलाय' म्हणतात ते आरोप केल्यासारखं. लपवलं की बदल खोटा होतो, असं माझं मत.

पुन्हा मी :
भाऊ, मूस यांच्याबद्दल पूर्ण पटलं. पण त्यांचं टेबल कुणाची ओळख सांगायला बसलं नव्हतं. भिंतीवरचा फोटो त्यासाठीच असतो. 'हा बदललाय' असं खाली लिहिलं असतं, तरी आत्याने तोच प्रश्न विचारला असता.

मला आता दोन शब्द हवेसे वाटतात. उजेड, रंग वर काढायचा तर 'खुलवणे'. रंग खुलतो तो मुळात असलेलाच. आणि नसलेलं घालणं, असलेलं काढणं याला 'पालटणे'. रूप पालटलं म्हटलं की ऐकणारा सावध होतो. 'टचिंग' दोघांच्या मधे राहू द्या, तो कारागिरांचा शब्द आहे.

काल फोटो परत दिला. पावतीवर मीच सांगून लिहून घेतलं : 'धूळ काढणे, उजेड खुलवणे, रंग व गोंदण ठेवणे'. मूळ प्रिंटला हनुवटीपाशीच घडी पडलीय, म्हणून मुलाने विचारलं, ठिपके नक्की किती होते? मला सांगता येईना. आत्याला फोन लावून त्याच्या हातात दिला.