मदत हवी आहे: शरीराची मापं वर्गात कशी शिकवता?

नमस्कार मंडळी. नागपुरात डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला अर्गोनॉमिक्स (वस्तू माणसाच्या शरीराला सोयीच्या बनवण्याचं शास्त्र) शिकवतो. अँथ्रोपोमीटर (शरीराची मापं घ्यायची सरकती पट्टी) एकच आणि मुलं बेचाळीस, म्हणून परवा सीताबर्डीवरून शिंप्याच्या टेप आणल्या, काटकोनाही भिंतीला लावला. बसलेल्या एकाच मुलाची गुडघ्यामागची उंची तिघांनी मोजली: ४१, ४२.५ आणि ४४ सेंमी! एकाने बूट काढायला लावले नव्हते, दुसऱ्याने टेप तिरकी धरली. खरं तर त्या दिवशीचा सर्वांत चांगला धडा हाच होता, पण त्या आकड्यांवर खुर्ची कशी बेतायची?

पर्सेंटाइलचंही (शंभरातल्या किती जणांचं माप त्याहून कमी, ते सांगणारा आकडा) तेच. 'सरासरी माणूस' डोक्यातून जातच नाही. १९५२ च्या अमेरिकन हवाई दलाच्या अभ्यासात ४,०६३ जणांपैकी दहाही मापांत सरासरीच्या आसपास एकही निघाला नाही, हे सांगितलं की माना डोलतात. पुढच्याच असाइनमेंटमध्ये बैठकीची उंची पुन्हा सरासरीवर! बुटक्या माणसाचे पाय लोंबकळू नयेत म्हणून ५वा पर्सेंटाइल आणि दाराला डोकं आपटू नये म्हणून ९५वा, हा फरक हाताला कसा कळवता?

आणि एक नाजूक गोष्ट. कंबर, नितंबांची रुंदी मोजताना मुली अवघडतात, जाड मुलांवर हशा पिकतो. मी ती मापं सध्या बंदच केली आहेत, पण मग बैठकीची रुंदी ठरवायची कशावरून? कुणी चिठ्ठ्यांवर नावाविना मापं घेतली आहेत का? पुढचं प्रात्यक्षिक सोमवारी आहे.