मदत हवी आहे: ऑफिसचा ईपीआय (वर्षाला दर चौ.मी. किती वीज लागते तो आकडा) काढतोय, कुलरवाला मजला एसीत धरायचा का?

नमस्कार मंडळी, नागपुरात सदरला आमचं चार मजली ऑफिस आहे, मी अ‍ॅडमिनला, आणि वीजबिल माझ्याच टेबलावरून जातं म्हणून साहेबांनी हेही माझ्याच गळ्यात मारलं की आपली बिल्डिंग इतरांच्या मानाने जास्त वीज खाते का ते काढ.

बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेच्या) स्टार रेटिंगमध्ये, जिथे आकडा कमी तितके स्टार जास्त, हिशोब सोपा वाटला, वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. बिलावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच दोन्ही असतात, मी केडब्ल्यूएचच, म्हणजे आपले नेहमीचे युनिट, घेतले. बारा बिलांचे ३,१०,००० युनिट, नकाशावर २४,००० चौरस फूट म्हणजे २२३० चौ.मी., उत्तर १३९. नागपूर कॉम्पोझिट, म्हणजे मिश्र हवामानाच्या झोनमध्ये येतं, तिथे अर्ध्याहून जास्त एसी असलेल्या ऑफिसला १४० ते ११५ मध्ये ३ स्टार. साहेब खूश, लगेच चहा सांगितला.

मग नियम नीट वाचला तर पार्किंग धरायचंच नाही म्हणे, आणि आमच्याकडे खालचं ५००० फूट नुसतं पार्किंग. ते काढलं, जनरेटरचे ६००० युनिटही मिळवावे लागतात ते मिळवले, तर थेट १७९, म्हणजे जेमतेम १ स्टार. साहेबांना अजून सांगितलं नाहीये.

पण खरी गोची पुढे आहे. खालचे दोन मजले पूर्ण एसी, वरच्या दोघांना डक्टवाले कुलर, मे महिन्यात वर गेलं की ओल्या वाळ्याचा वास आणि फायली दमट, आणि खाली अकाउंट्सच्या मॅडम शाल घेऊन बसलेल्या, एसी १८ वर, कोणी हात लावू देत नाही. आता कुलर एसीत धरायचे नाहीत असं असेल तर आम्ही ५० टक्क्यांच्या खाली जातो, आणि त्या तक्त्यात १ स्टारच ८० ते ७० ला आहे, तिथे १७९ घेऊन तोंड कुठे दाखवायचं?

शिवाय पहिल्या मजल्यावर रात्रीची शिफ्ट पण चालते, दहा ते सहाच्या ऑफिसशी आमची तुलना कशी करायची? साहेब म्हणतात मुंबई ब्रांचचा आकडा बघ, पण तिथली हवा दमट, झोनच वेगळा, त्याचा काय उपयोग.

ऑडिट करून घेतलेलं कोणी असेल तर कुलरचं कसं धरलं तेवढं सांगा. आणि नागपूर-अमरावतीकडे अशीच अर्धी एसी, अर्धी कुलर बिल्डिंग असेल तर प्लीज तुमचा आकडा टाका, पार्किंग वगळून.