मदत हवी आहे : माणसांना बुजणारी मांजरी घरात रुळवताना

माणसांत कधीच न वावरलेली एक प्रौढ भटकी मांजरी आम्ही कायमची घरात घेतली असून तिची नसबंदी, रेबीजची लस आणि जंतांचे औषध झालेले आहे. पिल्ले साधारण 2 ते 7 आठवड्यांच्या वयात सहज माणसाळतात, हिचे ते वय केव्हाच उलटले आहे, त्यामुळे मला घाई नाही. स्वतंत्र खोलीत ती रेतीचा ट्रे नीट वापरते आणि मी पाठ करून जमिनीवर बसलो की हातभर अंतरावर येऊन खातेही. मात्र बशीकडे बोटे सरकली, की कान मागे पाडून फिस्कारते. जाड हातमोजे घालून बळेच धरण्याचा सल्ला मला पटत नाही. घरात आणखी एक वयस्क बोका आहे, त्याची आणि तिची अद्याप भेट झालेली नाही. अशा वेळी तिला आधी स्पर्शाची सवय लावावी, की पांघरुणांची अदलाबदल करून बोक्याच्या वासाची ओळख आधी करून द्यावी?