मदत हवी आहे: संशोधनासाठी आठवड्यातून एक दिवस मागायचा आहे, डीनना पत्र कसं लिहू?

नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी मेडिकल कॉलेजात मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे. कॉलेज कुठलं ते कृपया विचारू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात घोणस चावलेले पेशंट खूप येतात. प्रतिविष देतो, किडनी बसली तर डायलिसिस करतो, माणूस चालत घरी जातो आणि तिथे आमचा त्याचा संबंध संपतो. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी त्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) काय आहे, लघवीतून प्रोटीन जातंय का, बीपी वाढलंय का, हे मला बघायचंय. एथिक्स कमिटीची परवानगी हातात आहे. पण हे पेशंट स्वतःहून परत येत नाहीत. त्यांना फोन करावे लागतात, शेजारच्याच्या फोनवर निरोप ठेवावे लागतात, काहींच्या वाडीवर जाऊन रक्त घ्यावं लागणार. यातलं काहीही रात्री नऊनंतर होत नाही.

आणि दिवस माझा नाही. आठवड्यातून दोनदा ओपीडी, एक इमर्जन्सी, दुसऱ्या दिवशी त्या ॲडमिशन्सचा राउंड, मुलांच्या क्लिनिक्स, लॉगबुकं, रेसिडेंटच्या थिसिसचं को-गाइडपण. शिवाय कॉलेजची तपासणी आली की फायली आम्हीच लावायच्या. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमांप्रमाणे असोसिएट प्रोफेसर व्हायला चार वर्षं आणि दोन पेपर लागतात, नाव पहिल्या तीन लेखकांत हवं किंवा करस्पाँडिंग म्हणून. रिसर्चचा बेसिक कोर्स ऑनलाइन होता, तो लेक झोपल्यावर उरकला. दोन पेपरही तसेच उरकता येतील, जुन्या केस पेपरांवरून काहीतरी जुळवून. तसं करायचं नाहीये म्हणून तर हा धागा.

एचओडींना (विभागप्रमुखांना) तोंडी विचारलं. म्हणाले, "कर की, तुला कोण अडवतंय?" अडवत कोणीच नाही हो, पण ओपीडीतून उठूही कोणी देत नाही. आता लेखी मागायचं ठरवलंय. काय मागू? पूर्ण दिवस की दोन अर्धे? आणि चेहरा दाखवून लागणाऱ्या हजेरीचं काय करायचं? वाडीवर गेले की गैरहजर!

प्रतिसाद १
ताई, राग मानू नका. हिंमतराव बावस्करांनी महाडकडे विंचूदंशावर काम केलं तेव्हा त्यांना कोणी आठवड्याचा दिवस तोडून दिला नव्हता. 1986 साली प्राझोसिन या औषधावरचं त्यांचं लिखाण लॅन्सेटमध्ये आलं, तेही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कामातून. तळमळ असली की वेळ निघतो.

प्रतिसाद २
बावस्करांचं नाव निघणार हे ठाऊकच होतं. आदर आहेच. पण त्यांचे पेशंट त्यांच्या डोळ्यांपुढे होते, रात्रभर उशाशी बसून बीपी मोजता येत होतं. धागाकर्तीचे पेशंट घरी गेलेत, त्यांच्यामागे दिवसाउजेडीच जावं लागणार. आणि एका अफाट माणसाने जे केलं ते बाकीच्या सगळ्यांच्या नोकरीची अट कसं होईल? बंग डॉक्टरांचं घ्या. 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला नवजात बाळांचा अभ्यास गडचिरोलीच्या 39 गावांत झाला, तुलनेला आणखी 47 गावं होती. त्यासाठी आधी संस्था उभी केली, गावातल्या बायकांना शिकवलं. ओपीडी सांभाळून उरलेल्या वेळात नव्हे.

प्रतिसाद ३
मी मिरजेचा, सध्या इंग्लंडात. इथे एनआयएचआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे अकॅडमिक क्लिनिकल फेलो असतात. त्यांचा पाव वेळ संशोधनाचा, पुढे क्लिनिकल लेक्चरर झालं की निम्मा. अमेरिकेत के23 ही संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची सरकारी ग्रँट घेतली तर 75 टक्के वेळ संशोधनाला द्यावाच लागतो, सर्जनना 50 टक्के चालतो. हे ऐकून हळहळायचं कारण नाही, यातलं एकच बघा: त्या वेळेचा पगार बऱ्याच अंशी बाहेरून येतो, त्यामुळे त्या जागी क्लिनिकला दुसरं माणूस बसवता येतं. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ग्रँट मिळाली तर प्रोजेक्टचा स्टाफ मिळतो, किट्स मिळतात, पण तुमची ओपीडी बघायला माणूस मिळत नाही. पत्रात नुसतं "मला वेळ द्या" लिहिलंत तर डीनच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार, की त्या दिवशी ओपीडीत बसणार कोण? ते नाव तुम्हीच घाला. तुमच्यासारखाच पेपर अडलेला दुसरा असिस्टंट प्रोफेसर विभागात असेलच. तुमच्या दिवशी त्याने तुमची ओपीडी बघायची, त्याच्या दिवशी तुम्ही त्याची. दोघांच्या सहीने द्या.

रेसिडेंटच्या गळ्यात मात्र घालू नका. ती पोरं आधीच मेटाकुटीला आलेली असतात.

प्रतिसाद ४
सरकारी कॉलेजातल्या अनुभवावरून थोडं. पूर्ण दिवस मागू नका, मिळणार नाही, आणि मिळाला तरी पहिल्या तपासणीत जाईल. इमर्जन्सी आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लांबची एक दुपार मागा. वर्षाचं टाइमटेबल लागतं तेव्हाच त्यात छापून घ्या. टाइमटेबलात असलेलं सहसा कोणी हलवत नाही, तोंडी कबूल केलेलं पहिल्याच मीटिंगला जातं. सहा महिन्यांसाठी मागा, शेवटी किती पेशंटचा फॉलोअप झाला ते दाखवा. वाडीवर जायचं असेल तर सकाळी हजेरी लावून दुपारी निघा आणि बाहेर जाण्याचा आदेश आधी लेखी घ्या. कॉलेजचं ग्रामीण आरोग्य केंद्र त्या बाजूला असेल तर पीएसएमवाल्यांना (सामाजिक आरोग्य विभागाला) सोबत घ्या, त्यांची गाडी जातेच.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. सहकाऱ्याशी बोलले, तो एका पायावर तयार आहे, त्याचंही घोडं पेपरपाशीच अडलंय. गुरुवारची दुपार मला, शनिवारची सकाळ त्याला, असं मांडतेय. पीएसएमच्या मॅडमना उद्या भेटते, त्यांचं नाव पेपरात घालावं लागेल आणि घालायला हवंच.

एक राहिलं. पत्र एचओडींमार्फतच पाठवते, पण "कर की" म्हणणारे एचओडी त्यावर सही न करता टेबलावर ठेवून देतील अशी धास्ती आहे. आगाऊ प्रत डीन ऑफिसला देणं आपल्याकडे चालतं, की उद्धटपणा दिसतो?

प्रतिसाद ४
चालतं. पण आधी एचओडींना पेपरात लेखक म्हणून काय काम करणार ते विचारा. सही त्याच दिवशी होईल.